गच्चीची चावी कुणाकडे आहे?

आज सकाळी आमच्या सोसायटीची सभा झाली. वेळ दहाची, कोरम पावणेअकराला, म्हणजे नेहमीसारखंच. विषयपत्रिकेत पहिला विषय गणपतीची वर्गणी, दुसरा पार्किंग आणि तिसरा 'फायर ऑडिट व दुरुस्ती खर्च'. पहिल्या दोन विषयांना सव्वा तास लागला. तिसऱ्याला चार मिनिटं. मी घड्याळ बघत बसले होते म्हणून इतकं नेमकं सांगतेय.

त्या चार मिनिटांत आठव्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठून म्हणाले, "ही सगळी पैसे खायची कामं. दर दोन वर्षांनी नवा नियम काढतात. इतकी वर्षं राहतोय आपण, लागली का कधी आग?" लोक हसले. मागून कुणीतरी "तथास्तु म्हणू नका हो" म्हणालं, त्यावर अजून हसले. विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि समोसे आले.

मी हसले नाही. समोसा मात्र खाल्ला, खोटं कशाला बोलू.

माझ्याबरोबर वाढलेल्या काही जणांना ही गोष्ट माहीत आहे, तरी पुन्हा सांगते. 1993 साल. मी पाचवीत. डोंबिवलीला चार मजली इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नाही, एकच जिना, आणि त्या जिन्याखाली मीटरची खोली. होळीच्या आधीचे दिवस होते. बाबा रात्रपाळीला. रात्री दीडच्या सुमारास आई मला गदागदा हलवत होती आणि मला वाटलं परीक्षा आहे. घरात अंधार, नाकात रबर जळल्याचा वास. आईने दार उघडलं तर जिना दिसतच नव्हता. धूर खालून वर येत होता, पाण्याच्या टाकीत नळ सोडल्यासारखा, थांबायचं नाव नाही.

खाली जाता येईना म्हणून सगळे वर पळाले. आम्ही, तिसऱ्या मजल्यावरचे, चौथ्यावरचे. माझा भाऊ आईच्या कडेवर, आजी माझा हात धरून. आजीला दमा होता. गच्चीच्या दाराशी पोचलो तर दाराला कुलूप. चावी सेक्रेटरी काकांकडे आणि काका शिमग्याला गावी गेलेले.

ते कुलूप मला अजून आठवतं. पितळी, माझ्या मुठीएवढं.

इथे थोडं थांबते, कारण सकाळपासून आठव्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांना उत्तर द्यायचंय आणि ते त्यांच्यासमोर देता आलं नाही.

साहेब, नियम दर दोन वर्षांनी बदलत नाहीत. बदलत असते तर मी पेढे वाटले असते. मुंबईची जुनी विकास नियमावली 1991 ची. तिच्या जागी नवी नियमावली, डीसीपीआर 2034 नावाची, लागू व्हायला 2018 उजाडलं. राज्याचा आग प्रतिबंधक कायदा 2006 चा आणि अंमल 2008 च्या डिसेंबरपासून. हॉटेलं, मॉल, दवाखाने अशा धोक्याच्या जागांसाठी 26/11 नंतर, 2009 मध्ये, खास अग्निसुरक्षा नियमांचा मसुदा निघाला. मसुदा हं. त्या मसुद्याचं काय झालं हे 2022 मध्ये उच्च न्यायालयाला सरकारला विचारावं लागलं. तेरा वर्षं! त्या वर्षी जन्मलेली मुलं सातवी-आठवीत गेली आणि मसुदा आपला बालवाडीतच.

त्या मधल्या काळात काय काय झालं ते मी सांगायला नको. 29 डिसेंबर 2017, कमला मिलची आग. चौदा जण गेले. गच्चीवरचं हॉटेल, वर छप्पर, आणि बरीच माणसं बाथरूममध्ये सापडली, कारण बाहेर पडायची वाट कळली नाही. मग आठ-पंधरा दिवस मुंबईभर हातोडे चालले, गच्च्यांवरचे मंडप उतरले. आणि मग हळूहळू परत चढले. आपणच जाऊन बसलो की तिथे वाढदिवसाला. मीपण बसलेय.

तर सांगायचं म्हणजे नियम नाहीत असं नाही. नियम भरपूर आहेत आणि वाचले तर डोळे पाणावतील इतके शहाणे आहेत. उंच इमारतीत साधारण 24 मीटरवर पहिली रेफ्युज जागा सोडायची, पुढे ठरावीक मजल्यांनी परत. आग लागली की माणसांनी तिथे येऊन थांबायचं, उघडी हवा घ्यायची, शिडी तिथे लागणार. आमच्या बारा मजली इमारतीत ती आठव्या मजल्यावर आहे. तिथे सध्या दोन सायकली, एक जुना सोफा, तुळशीच्या लग्नाचा मांडव आणि कुणाच्यातरी फ्लॅटमधल्या उरलेल्या टाइल्स आहेत. कुणाच्या, ते आता तुम्ही ओळखलंच असेल. आठव्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या.

आणि फॉर्म बी! वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा तपासून घ्यायची आणि ती चालू आहे असा दाखला द्यायचा, असं कायदा म्हणतो. सभेत एका ताईंनी काय सुचवावं? "माझ्या भाच्याच्या सोसायटीत एक माणूस येतो, तो ऑफिसात बसूनच सही करतो, निम्म्या पैशात." आणि तीन जणांनी त्याचा नंबर मागितला! नियम मोडणारे म्हणून आपण बिल्डरला, कॉर्पोरेशनला, राजकारण्यांना शिव्या घालतो ना रोज? तो नंबर मागणारे तिघेही रोज घालतात. मला त्यांचे फॉरवर्ड येतात.

आमचा आग विझवायचा पंप ऑटोवर नाही, मॅन्युअलवर आहे. का, तर लाइनला कुठेतरी गळती आहे आणि ऑटोवर ठेवला की सारखा सुरू होतो, झोपमोड होते. म्हणजे रात्री आग लागली तर वॉचमनने आधी खाली पंपरूममध्ये जाऊन बटण दाबायचं. वॉचमन तीन महिन्यांनी बदलतो. आत्ताच्या मुलाला मी दुपारी विचारलं, पंपरूम कुठे आहे. तो म्हणाला, "मॅडम, पाण्याची का?" आग विझवायच्या होजच्या, म्हणजे पाइपच्या, लाल पेट्यांपैकी पाच उघडून बघितल्या. पितळी नोझल एकातही नाही. भंगारात गेली असणार. एकात झाडू होता, एकात दिवाळीची पणती.

हो, खर्च आहे. कोटेशन बघून माझेही डोळे फिरले, आणि पेन्शनवर राहणारी चार घरं आहेत आमच्याकडे, त्यांना एकदम इतके पैसे काढणं जड आहे हे मला कळतं. पण लॉबीतल्या खोट्या झुंबराला सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला पैसा, उघडला तेव्हा कुणाला जड गेलं नाही.

तर गच्चीचं दार.

मला आठवतंय ते असं. अंधारात वीस-बावीस माणसं त्या शेवटच्या लँडिंगवर, एकमेकांना चिकटून. कुणीतरी दारावर लाथा मारत होतं. दार आतल्या बाजूला उघडणारं, लाथा मारून उपयोग शून्य. लहान मुलं रडत होती आणि मग रडायची थांबली, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. आजीने पदर माझ्या नाकावर दाबला. स्वतःच्या नाही, माझ्या. चौथ्या मजल्यावरच्या काकू घरात परत गेल्या, धुरात, आणि वरवंटा घेऊन आल्या. पाट्यावरचा. त्यांनी त्या कुलपावर किती घाव घातले माहीत नाही. कडी निघाली, कुलूप नाही तुटलं.

कुणी मेलं नाही. पेपरात चार ओळीही आल्या नाहीत. मीटर बदलले, भिंतीला चुना मारला. आणि आठ दिवसांत सोसायटीने गच्चीला नवीन कडी आणि नवं कुलूप लावलं. आधीपेक्षा भारी, नवताल. सेक्रेटरी काका गावाहून येताना फणसाचे गरे घेऊन आले होते, ते सगळ्यांना वाटले.

आजी त्यानंतर सहा वर्षं जगली. झोपताना उशाशी तांब्या आणि पंचा ठेवायची. पंचा ओला करून, पिळून, घडी घालून. आम्ही हसायचो तिला. 2018 मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, तेव्हा एका दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकलेलं आठवून शेजाऱ्यांना ओले फडके नाकाशी धरायला लावले, अशी बातमी आली. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कारही मिळाला. ती बातमी वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. कशासाठी ते तिथे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

आग माणसाला नंतर गाठते, धूर आधी. गोरेगावला 2023 च्या ऑक्टोबरात काय झालं? सात मजली इमारत, पहाटेची वेळ, आग तळमजल्यावर, पार्किंगमधल्या गाड्यांना आणि कापडाच्या गठ्ठ्यांना. वर माणसं झोपलेली. धूर जिन्यातून वर, अगदी आमच्यासारखा. आणि आज आमच्या पार्किंगमध्ये काय चाललंय? तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन वायर खाली सोडून रात्रभर ई-स्कूटर चार्ज होतेय, बरोब्बर मीटरच्या खोलीसमोर. बोलले तर म्हणतात, "तुम्ही पर्यावरणाच्या विरोधात आहात का?" नाही हो. मी आजीच्या बाजूने आहे.

खिडक्यांच्या बॉक्स ग्रिलबद्दल मी बोलणार नव्हते, कारण तिथे मीही गप्प बसते. चोऱ्या होतात, खरं आहे. लहान मूल वाकतं, तेही खरं. पण ज्या पिंजऱ्याला एक झडप सोडायला दोन-तीन हजार जास्त लागतात, तिथे आपण ते वाचवतो आणि वरून त्यात कुंड्या ठेवतो. मुंबईच्या फायर ब्रिगेडकडे 90 मीटरपर्यंत जाणारी शिडी आहे. ती गाडी आमच्या गल्लीत वळणार कशी, दोन्ही बाजूंना आपल्याच गाड्या असताना? आणि वळलीच, तर वर जाऊन त्या जवानाने काय करायचं, पिंजऱ्यातून आपल्याशी हात मिळवायचा?

फायर ब्रिगेडच्या या माणसांबद्दल कुणी सभेत "त्यांचे हात ओले करावे लागतात" असं हसत हसत म्हणालं, तेव्हा माझी सटकली. कागदावर सही देणारा एखादा खात असेल, मी कोण नाही म्हणणार. पण काळबादेवीचं गोकुळ निवास आठवा. 9 मे 2015. जुनी इमारत, आग, आणि आत शिरलेले अधिकारी असताना ती कोसळली. चार वरिष्ठ अधिकारी गेले त्यात, मुंबईच्या अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हेसुद्धा. प्रमुख! खुर्चीत बसून वायरलेसवर बोलायचं वय आणि हुद्दा होता त्यांचा. आपण सोफा हलवत नाही आणि ते आत जातात.

लिहिताना हात थरथरतोय, चुका असतील तर सांभाळून घ्या.

आता जे लिहिणार आहे ते लिहायचं नव्हतं. दुपारी झोप येईना म्हणून मी आमच्या गच्चीवर गेले. म्हणजे जायला निघाले. बाराव्याच्या वर लोखंडी दार आहे, त्याला कुलूप. कुलूप बघितलं आणि आठवलं की हे लावायच्या ठरावावर माझी सही आहे. 2019 मध्ये मी कमिटीवर होते. कॉलेजची मुलं वर बसून बाटल्या फोडायची, शेजारच्या टॉवरमध्ये एक वाईट प्रकार घडला होता, सगळे घाबरलेले. मीच म्हणाले होते, "कुलूप लावून टाका, चावी सेक्रेटरींकडे ठेवा." मी! पंचवीस-सव्वीस वर्षांनी, त्याच शब्दांत. एकदाही माझ्या डोक्यात डोंबिवली आली नाही. ठरावावर सही केली आणि खाली येऊन बहुतेक भाजीला फोडणी दिली असेल.

म्हणून आठव्या मजल्यावरच्या साहेबांवर मी सकाळी जितकी चिडले होते तितकी आता नाही. त्यांनी ते कुलूप बघितलेलं नाही. मी बघितलं होतं.

कुणी म्हणेल, बारा मजली इमारतीत आग लागली तर गच्चीवर पळायचंच नसतं. बरोबर. जिन्यात धूर असेल तर घरात थांबायचं, दाराच्या फटीला ओली चादर लावायची, खिडकीशी यायचं, लिफ्टला हात लावायचा नाही. पण रात्री दीडला नाकात रबर जळल्याचा वास आल्यावर माणूस काय करतो ते मला माहीत आहे. तो वर पळतो. दार उघडं पाहिजे. आतून ढकललं की उघडणारी आडवी दांडी मिळते बाजारात, बाहेरून बंद, आतून उघडं, वर अलार्म लावला की पोरं बसली तरी कळेल. मॉलमध्ये असते ती. झुंबरापेक्षा स्वस्त आहे, मी आत्ता विचारून घेतलं.

संध्याकाळी सेक्रेटरींकडून चावी मागून आणली. "कपडे वाळत घालायचेत" असं सांगितलं, हे खोटं. कुलूप काढलंय आणि घरी आणून ठेवलंय. ग्रुपवर तसं टाकलंय, खाली माझं नाव लिहून. आतापर्यंत सात अंगठे, दोन "हे बेकायदेशीर आहे" आणि आठव्या मजल्यावरून अजून काही नाही, फक्त दोन निळ्या खुणा.

तुमच्या इमारतीत आज रात्री वर जाऊन बघा. चावी कुणाकडे आहे आणि तो माणूस गणपतीला गावी जाणारेय का, तेही विचारा.

आणि कुणी टोमणा मारायच्या आत सांगते, आमचं चपलांचं कपाट अजून जिन्यातच आहे. नवऱ्याला म्हटलंय, आत घ्यायचं. तो म्हणतोय, ठेवणार कुठे. मघापासून टेप घेऊन हॉल मोजतोय.