बंद घड्याळातली बरोबर वेळ

"किती वाजले रे?" एवढंच विचारलं होतं. मास्तरनं मनगट वळवलं आणि म्हणाला, "सव्वासहा." वकिलानं मोबाइल पाहिला. सव्वासहाच. विषय तिथंच संपायचा, पण धाकट्याचं लक्ष सेकंदकाट्याकडे गेलं. काटा आठच्या आकड्यापाशी नुसता थरथरत होता, पुढे जात नव्हता. घड्याळ कधी बंद पडलं होतं, देव जाणे.

"म्हणजे तुला वेळ माहीतच नव्हती," धाकटा म्हणाला.

"का नव्हती? सांगितली ती बरोबर निघाली, माझा तिच्यावर विश्वास होता, आणि घड्याळ बघून सांगितली, हवेतून नाही. अजून काय पाहिजे?"

मला राहवलं नाही. ज्ञानाची हीच व्याख्या १९६३ साली एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञानं जेमतेम तीन पानांच्या लेखात खिळखिळी केली. खरं, पटलेलं आणि साधार असूनही एखादी गोष्ट निव्वळ योगायोगानं जुळलेली असू शकते. बंद घड्याळाचा दाखला तर त्याच्याही आधी बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञानं दिलेला.

"रसेल कशाला?" धाकट्याचं संस्कृत जागं झालं. "श्रीहर्ष बघ, बाराव्या शतकातला आपला तत्त्वज्ञ. मुठीत कवड्या किती, तर समोरचा ठोकून देतो, पाच! मूठ उघडली तर पाचच. याला ज्ञान म्हणायचं?"

"मटका म्हणायचं," वकील म्हणाला. "पण मग गुन्ह्यात तुम्ही हाच मटका कसा चालवून घेता? दोघं मोबाइलमध्ये बघत गाडी चालवतात. एकाच्या पुढ्यात पोर येतं, दुसऱ्याच्या येत नाही. एक तुरुंगात, दुसरा घरी."

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, दोघंही सारखेच दोषी. क्लिफर्ड नावाच्या गणितज्ञानं १८७७ सालीच लिहून ठेवलंय. जहाजाच्या मालकाला जहाज मोडकळीला आल्याची शंका येते. तो ती दाबतो, सगळं ठीक आहे अशी मनाची समजूत घालतो आणि उतारू भरून जहाज सोडतो. जहाज बुडालं तर दोषी, हे कुणीही म्हणेल. क्लिफर्ड म्हणतो, सुखरूप पोचलं असतं तरी तेवढाच दोषी.

"कोर्टात मनातलं दिसत नाही, परिणाम दिसतो," वकील म्हणाला.

"ती पुराव्याची अडचण झाली. दोष कमी-जास्त कुठं झाला?"

इथं मास्तर गंभीर झाला. "ज्याच्या गाडीखाली पोर आलं, त्याला जाऊन सांगशील, की तू आणि तो दुसरा सारखेच? त्याला पटेल? आणि पटलं, रात्री नीट झोप लागली, तर तो माणूस तुला आवडेल?"

याला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही. दोष सारखा असेलही, पण जे हातून घडलं ते त्या एकाचंच आहे, आणि ते माझ्या हिशेबात कुठंच बसत नव्हतं. वकील तेवढ्यात खूश.

धाकट्यानं मास्तरचं मनगट पुन्हा धरलं. "खरं सांग, हे आजच बंद पडलं?"

"आजच. म्हणजे... परवापासून मागे पडत होतं. म्हटलं, चालेल."

"आणि तरी सव्वासहा ठासून सांगितलंस?"

"बरोबर निघालं ना!"

"जहाजवाल्या," वकील म्हणाला, आणि मास्तरनं मुकाट्यानं घड्याळ काढून खिशात टाकलं.