अरब राष्ट्रवाद इंग्रजांनी जन्माला घातला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अरब राष्ट्रवाद म्हणजे पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध, म्हणजे अरब प्रदेशांवर राज्य करणाऱ्या उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याविरुद्ध, इंग्रजांनी पुढे सरकवलेलं प्यादं. अरब बंडात सामील झालेला ब्रिटिश अधिकारी लॉरेन्स आणि इजिप्तमधले ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमहोन नसते तर अरबांना हे सुचलंच नसतं. आपल्या मराठा पलटणी इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या तेव्हा अरब तुर्कांच्याच बाजूने लढत होते, मग राष्ट्रवाद होता कुठे? जे होतं ते धर्माचंच दुसरं नाव होतं, आणि मूळच उसनं असल्यामुळे १९६७ मध्ये इस्रायलकडून झालेल्या पराभवानंतर सगळा डोलारा कोसळला. हे मत आपल्याकडे बरेच जण मांडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तारखा पाहू. मक्केचे शरीफ, म्हणजे तिथले प्रमुख, हुसेन यांनी मक्केत तुर्कांविरुद्ध बंड पुकारलं ते जून १९१६ मध्ये. लॉरेन्स हिजाझच्या (मक्का-मदिना ज्यात येतात त्या अरबस्तानच्या पश्चिम भागाच्या) किनाऱ्यावर उतरला ऑक्टोबरात, म्हणजे बंडाला चार महिने होऊन गेल्यावर. मॅकमहोन यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला तो हुसेन यांच्या १४ जुलै १९१५ च्या पत्राने. त्या पत्रात मागितलेल्या सीमा बघा: उत्तरेला मेर्सिन आणि अदाना, पूर्वेला इराणची सरहद्द, दक्षिणेला हिंदी महासागर (एडन तेवढं सोडून), पश्चिमेला तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्र. ज्याचा शब्द हिजाझबाहेर फारसा चालत नव्हता, त्या मक्केच्या शरीफाने हा नकाशा कुठून आणला? काही आठवड्यांपूर्वीच त्यांचा मुलगा फैसल दमास्कसला गेला होता. तिथे 'अल-फतात' आणि 'अल-अहद' या दोन गुप्त संघटनांनी त्याच्या हाती एक मसुदा दिला. इंग्रजांना साथ द्यायची असेल तर या अटींवर, असं त्यात होतं, आणि सीमा याच होत्या. पहिली संघटना पॅरिसमध्ये शिकणाऱ्या अरब विद्यार्थ्यांनी काढलेली, दुसरी उस्मानी सैन्यातल्या अरब अधिकाऱ्यांची. म्हणजे हा नकाशा दमास्कसहून मक्केला आणि तिथून कैरोला गेला. लंडनच्या टेबलावर तो सगळ्यात शेवटी पोहोचला.

इंग्रजांनी या चळवळीचा वापर करून घेतला, यात वादच नाही. एका हाताने हुसेन यांना आश्वासन दिलं, दुसऱ्या हाताने मे १९१६ मध्ये फ्रान्सबरोबर तोच प्रदेश वाटून घेतला. पण एखादी गोष्ट वापरायची तर ती आधी असावी लागते.

ती किती आधीपासून होती, हे पाहायला १८६० च्या बैरुतमध्ये जावं लागतं. त्या वर्षी लेबनॉनच्या डोंगरात द्रूझ (इस्लाममधून निघालेला एक पंथ) आणि मॅरोनाइट ख्रिस्ती एकमेकांवर तुटून पडले. जुलैत दमास्कसची ख्रिस्ती वस्ती जाळली गेली, हजारो माणसं मारली गेली. निर्वासितांचे लोंढे बैरुतला येत असताना बुत्रुस अल-बुस्तानी या शिक्षकाने एकेका पानाची पत्रकं छापायला सुरुवात केली. अशी अकरा पत्रकं निघाली. खाली नाव नाही, फक्त 'देशावर प्रेम करणारा' एवढीच सही. संबोधन प्रत्येक वेळी 'देशबांधवांनो'. सांगणं असं की तुम्ही एकच पाणी पिता, एकाच हवेत श्वास घेता, एकच भाषा बोलता, तुमचं भलं-बुरं एकमेकांत गुंतलेलं आहे. जळक्या घरांचा वास अजून गेलेला नसताना हे लिहायला काय धैर्य लागलं असेल, याचा विचार करा. तीनच वर्षांनी त्यांनी सर्व पंथांच्या मुलांसाठी शाळा काढली. मग अरबीचा मोठा शब्दकोश, पाक्षिक, ज्ञानकोश. अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर त्यांनी बायबलच्या भाषांतराचं काम केलं होतं आणि ते प्रॉटेस्टंटही झाले होते. 'म्हणजे परकंच की' असं तुम्ही म्हणाल. छपाईयंत्र परकं होतं खरं. पण १८६० ची जखम त्यांची स्वतःची होती आणि ती कशी भरायची याचं उत्तरही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. बुस्तानींना वेगळं राज्य नको होतं, ते सुलतानाशी निष्ठावंतच राहिले. पुढची पन्नासेक वर्षं बहुतेक अरब विचारवंतांची भूमिका हीच होती. साम्राज्यात राहू, पण सन्मानाने.

जून १९१३ मध्ये पॅरिसला अरब परिषद भरली, तिच्या मागण्या वाचल्या तर आजच्या वाचकाला त्या अगदी साध्या वाटतील: प्रांतांना जास्त अधिकार, आणि अरब प्रांतांत अरबीला अधिकृत भाषेचा दर्जा. १९०८ च्या क्रांतीनंतर 'तरुण तुर्क' या सत्तेवर आलेल्या गटाने सगळी सूत्रं इस्तंबूलकडे ओढायला सुरुवात केली होती आणि कचेऱ्यांत, न्यायालयांत तुर्कीचा आग्रह वाढला होता, त्याला हे उत्तर होतं. परिषदेचे अध्यक्ष होम्सचे अब्द अल-हमीद अल-झहरावी. पुढे ते उस्मानी वरिष्ठ सभागृहाचे सदस्यही झाले. सरकारशी जुळवून घेऊन काही पदरात पडतं का, हे बघणारा माणूस. ६ मे १९१६ रोजी सीरियातला उस्मानी सेनापती जमाल पाशा याने त्यांना दमास्कसमध्ये फाशी दिलं. त्या पहाटे बैरुत आणि दमास्कस मिळून एकवीस जण लटकवले गेले. त्यांत पत्रकार होते, वकील होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बैरुतला अकरा जण गेले होते. बैरुतच्या त्या चौकाला आज हुतात्मा चौक म्हणतात. या माणसांना 'इंग्रजांचं प्यादं' म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

कुतबद्दल तुमचं म्हणणं तथ्य म्हणून बरोबर आहे. ब्रिटिश हिंदी सैन्याच्या पूना डिव्हिजनने २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करली तेव्हा समोरच्या उस्मानी फौजेत अरब शिपाई भरपूर होते. बहुसंख्य अरब सैनिक युद्ध संपेपर्यंत त्याच सैन्यात लढले. महायुद्धापूर्वी अरब राष्ट्रवादी म्हणून इतिहासकारांना नावानिशी सापडतात ती माणसं जेमतेम सव्वाशे. राष्ट्रवाद सुरुवातीला मूठभरांचाच होता, हे मान्य. पण कुतचा विजय साजरा झाल्यावर आठवडाभरातच त्याच साम्राज्याने हे फास आवळले. मूठभरांची गोष्ट अनेकांची झाली ती इथून पुढे.

किती अनेकांची, याचा कागदोपत्री पुरावा आहे. १९१९ च्या उन्हाळ्यात लोकांना काय हवं ते जाणून घ्यायला अमेरिकेचा किंग-क्रेन आयोग सीरिया-पॅलेस्टाइनमध्ये फिरला. त्याच्याकडे १८६३ निवेदनं आली, त्यांतल्या सुमारे ८०% निवेदनांत अखंड सीरियाची मागणी होती. ८ मार्च १९२० ला दमास्कसच्या काँग्रेसने स्वातंत्र्य जाहीर करून फैसलला राजा केलं. आणि इंग्रजांनी काय केलं? आपलं सैन्य त्यांनी आधीच काढून घेतलं होतं, सीरिया फ्रान्सच्या पदरात टाकला होता. २४ जुलैला मैसलूनच्या खिंडीत फ्रेंच तोफा-रणगाड्यांसमोर तुटपुंजी फौज घेऊन युद्धमंत्री युसूफ अल-अझ्मा उभे राहिले आणि तिथेच पडले. इंग्रजांचंच अपत्य असतं तर इंग्रजांनी ते असं वाऱ्यावर सोडलं असतं का?

धर्माच्या मुद्द्याला फार वेळ देत नाही. बुस्तानी प्रॉटेस्टंट, आणि बाथ या अरब राष्ट्रवादी पक्षाचे एक संस्थापक मिशेल अफलक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. उलट आपल्याकडचे खिलाफतवाले हुसेन यांच्याकडे खलिफाशी, म्हणजे उस्मानी सुलतानाशी, गद्दारी करणारा म्हणूनच पाहत होते. धर्म आणि राष्ट्रवाद एकच असते तर हा संताप कशाला?

आता कोसळण्याबद्दल. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या काळात, विशेषतः १९५६ च्या सुएझ कालव्याच्या संघर्षानंतर, ही भावना शिखरावर होती. फेब्रुवारी १९५८ मध्ये इजिप्त आणि सीरिया एक झाले, सप्टेंबर १९६१ मध्ये वेगळे झाले, म्हणजे १९६७ च्या बऱ्याच आधी. कारण मूळ उसनं असण्यात नव्हतं. पक्ष बरखास्त झाले होते, दमास्कसचा कारभार कैरोचे अधिकारी हाकत होते आणि सीरियन अधिकाऱ्यांना आपल्याच घरात दुय्यम वाटू लागलं होतं. बुस्तानी आणि झहरावींनी मागितलेला सन्मान अरबांनी अरबांना दिला नाही.

अरब राष्ट्रवादावर टीका जरूर व्हावी, पण माझ्या मते तिची जागा वेगळी आहे. भाषा एक तर राष्ट्र एक, असं म्हटलं की ज्यांची भाषा अरबी नाही त्यांचं काय? इजिप्तपासून फुटल्यावर सीरियाने देशाच्या नावातच 'अरब' शब्द घातला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, ईशान्येकडच्या हसाका प्रांतात एका दिवसात जनगणना उरकली. १९४५ पूर्वीपासून इथे राहतो, हे ज्या कुर्दांना कागदावर दाखवता आलं नाही ते परके ठरले. सुमारे १,२०,००० माणसांचं नागरिकत्व गेलं. एकाच घरात एक भाऊ सीरियन आणि दुसरा परका, असं झालं. परक्या ठरलेल्यांना जमीन नावावर करता येईना, सरकारी नोकरी मिळेना, आणि त्यांच्या मुलांनाही जन्मतः तोच शिक्का. याचं खापर ना लॉरेन्सवर फोडता येतं, ना मॅकमहोनवर.

पुढचा लेख याच जनगणनेवर लिहितो आहे. तिथेही तुमची असहमती अशीच सविस्तर कळवा.