लाउंड्सच्या लोकांना मत नको होतं, हे धादांत खोटं आहे

‘दलित पँथरचं नाव आलं कुठून?’ या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यांत कृष्णवर्णीय शेतकरी आपापल्या जागी सुखात होते. मतदार म्हणून नाव नोंदवायची त्यांना इच्छाच नव्हती, कारण अलाबामा राज्यातल्या लाउंड्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) 1965 उजाडेपर्यंत एकाही कृष्णवर्णीयाचं नाव यादीत नव्हतं. मग बाहेरची पोरं आली, त्यांनी लोकांना भडकवलं. पँथर हे ऑकलंड शहरातल्या टोळीचं चिन्ह. निवडणुकीत हे सगळे आपटले आणि विषय संपला. आता तिथे सगळे समान आहेत.

निवृत्त शिक्षक असलेल्या माझ्या मामांनी हा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला. कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने खाली लिहिलं, “हे मला माहीतच नव्हतं.” तिने ते खरं मानलं, म्हणून हे लिहायला बसले.

सगळ्यात संतापजनक मुद्दा आधी घेते: ‘त्यांना मत नकोच होतं.’ शून्याचा आकडा खरा आहे. सेल्मा आणि माँटगोमेरी या शहरांच्या मधल्या या काउंटीत दर पाच माणसांत चार कृष्णवर्णीय होते. मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय 5,000 च्या वर, आणि यादीत त्यांच्यातलं एकही नाव नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याने त्याच यादीची दुसरी बाजू का दाखवली नाही? मतदानाच्या वयाचे गोरे होते 1,900 च्या आसपास आणि यादीत गोऱ्यांची नावं 2,200 हून जास्त. म्हणजे माणसांपेक्षा नावं जास्त. अशी यादी सांभाळणाऱ्या कचेरीचा शून्य हा लोकांच्या अनिच्छेचा पुरावा कसा होतो?

नाव नोंदवायचं म्हणजे काउंटीचं मुख्य गाव असलेल्या हेनव्हिलच्या कोर्टात जायचं. नोंदणी महिन्यातून जेमतेम दोन दिवस चालायची. समोर गोरा अधिकारी, हातात वाचन-लेखनाची परीक्षा, आणि पास-नापास ठरवणारा तोच. बातमी संध्याकाळच्या आत जमीनमालकाच्या कानावर जायची. काउंटीतली बहुतेक जमीन मोजक्या गोऱ्या कुटुंबांच्या ताब्यात होती आणि असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबं ती वाट्याने कसत होती. घर मालकाचं, दुकानाची उधारी मालकाच्या ओळखीवर. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर मालकाच्या मर्जीवर आहे, तो कोर्टाची पायरी चढताना काय पणाला लावतो, हे आपल्याकडच्या गावांना तरी वेगळं सांगायला नको.

तरीही मार्च 1965 च्या सुरुवातीला तीस-चाळीस माणसं हेनव्हिलला गेली. त्यांना परत पाठवलं. ती पुन्हा गेली. जॉन ह्युलेट यांचं नाव त्याच महिन्यात यादीत चढलं. काउंटीतल्या पहिल्या दोन कृष्णवर्णीय मतदारांपैकी ते एक. ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा आला, वाचनाची परीक्षा बंद झाली आणि केंद्र सरकारचे नोंदणी अधिकारी काउंटीत येऊन बसले. नोव्हेंबर 1966 पर्यंत यादीत दोन हजारांहून जास्त कृष्णवर्णीय मतदार होते. माणसं तीच होती, गावंही तीच. बदलला होता तो टेबलामागचा अधिकारी. इच्छा नव्हती म्हणणाऱ्याने एवढा एकच आकडा समजावून सांगावा.

नोंदणीची किंमतही मोजावी लागली. 1965 च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, नाव नोंदवलेल्या कुटुंबांना मालकांनी जमिनीवरून आणि घरांतून हाकललं. या कुटुंबांनी 80 क्रमांकाच्या महामार्गालगत तंबू ठोकले. रात्री गाड्यांतून तंबूंवर गोळ्या झाडल्या जायच्या. काही कुटुंबं तिथे जवळजवळ दोन वर्षं राहिली, मुलाबाळांसकट. ‘सुखात होते’ हे वाक्य लिहिताना या तंबूंची आठवण कुणालाच कशी होत नाही?

आणि कोर्ट? 20 ऑगस्ट 1965 ला हेनव्हिलमध्ये एका दुकानाच्या दारात टॉम कोलमन या गोऱ्या माणसाने चळवळीत उतरलेल्या, ख्रिस्ती धर्मशिक्षण घेणाऱ्या जोनाथन डॅनिएल्सला गोळी घातली. बंदूक रोखली होती 17 वर्षांच्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या रुबी सेल्सवर. डॅनिएल्सने तिला बाजूला ढकललं आणि स्वतः मेला. सप्टेंबर संपायच्या आत कोलमन निर्दोष सुटला. ज्युरीतले बाराही जण गोरे पुरुष. लाउंड्सच्या ज्युरीतून कृष्णवर्णीयांना पद्धतशीर वगळणं घटनाबाह्य आहे, असं फेडरल न्यायालयाने फेब्रुवारी 1966 मध्ये ‘व्हाइट विरुद्ध क्रुक’ खटल्यात ठरवलं. ज्युरीतून बायकांना वगळणारा अलाबामाचा कायदाही त्याच निकालात रद्द झाला.

‘बाहेरच्यांनी भडकवलं’ हा मुद्दा तारखा पाहिल्या तरी कोसळतो. ओहायो स्टेट विद्यापीठातले इतिहासकार हसन क्वामे जेफ्रीस यांनी 2009 मध्ये या एकाच काउंटीवर अख्खं पुस्तक लिहिलंय. माझा बराचसा आधार तेच आहे. ह्युलेट लाउंड्सचेच. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात काम केलं, तिथली कामगार संघटना आणि नागरी हक्कांची चळवळ पाहिली आणि 1959 मध्ये गावी परतले. स्थानिक लोकांनी मार्च 1965 मध्ये आपली संघटना उभी केली. स्टोकली कारमायकल आणि नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या SNCC या विद्यार्थी संघटनेचे इतर कार्यकर्ते तळ ठोकायला आले ते मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून निघालेला मोर्चा काउंटीतून गेल्यानंतर. त्यांनी मोठं काम केलं, प्रश्नच नाही. पण दार आतून उघडलं होतं.

आता पँथर. अलाबामात मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह लागायचं, आपल्यासारखंच, कारण वाचता न येणारे मतदार खूप होते. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा आणि त्यासोबतचं घोषवाक्य 1966 च्या सुरुवातीपर्यंत गोऱ्यांच्या वर्चस्वाचं होतं. त्या कोंबड्यावर शिक्का मारायला नकार देणाऱ्या लाउंड्सच्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला आणि चिन्ह घेतलं काळा पँथर. ह्युलेट सांगायचे की हा प्राणी रेटला तर मागे सरतो, पार कोपऱ्यात कोंडला की जिवावर उदार होऊन झडप घालतो. 3 मे 1966 ला कोर्टाच्या आवारात जमणं धोक्याचं ठरलं, तेव्हा जवळच्या चर्चपाशी शेकडो लोकांनी मत देऊन आपले उमेदवार ठरवले. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांचा ‘ब्लॅक पँथर’ पक्ष निघाला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, लाउंड्सचं चिन्ह उचलून. आणि 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने ते नाव घेतलं. म्हणजे ज्या नावाला मेसेज टोळीचं नाव म्हणतो, त्याच्या मुळाशी आहेत वाट्याने शेती कसणारी माणसं आणि त्यांची मतपत्रिका.

बंदुका होत्या का? होत्या. लाउंड्समधल्या घराघरांत त्या होत्या आणि लोक सभांनाही घेऊन जायचे. हे मी लपवणार नाही. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीस प्रमुख, संरक्षण देणार नाही आणि रात्री गोळ्या येणार, हे माहीत असलेल्या माणसाने दुसरं काय करायचं होतं, तेही मेसेजवाल्याने सांगावं.

नोव्हेंबर 1966 ची निवडणूक ते हरले, हेही खरं. सातही उमेदवार पडले. मळेवाल्यांनी आपल्या मजुरांना ट्रकमध्ये भरून गोऱ्या उमेदवारांना मत द्यायला आणलं होतं. पण मेसेज इथेच थांबतो, ही लबाडी आहे. 1970 मध्ये जॉन ह्युलेट त्याच काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले आणि वीसहून अधिक वर्षं त्या पदावर राहिले.

‘आता सगळे समान’ म्हणणाऱ्याने आजच्या लाउंड्समधलं सांडपाणी पाहावं. चिकणमातीत पाणी मुरत नाही, चांगली सेप्टिक टाकी परवडत नाही, आणि मैला परसात साचतो. वर ज्यांच्याकडे टाकी नाही त्यांच्यावरच गुन्हे दाखल करण्याची कायद्यात सोय. अमेरिकेच्या न्याय विभागाने चौकशी केली आणि मे 2023 मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याशी करार केला, की या लोकांवर खटले भरणं थांबवायचं आणि टाक्यांचं काम हाती घ्यायचं. एप्रिल 2025 मध्ये ट्रम्प सरकारने तो करार संपवून टाकला. मामा, मेसेज काढू नका, पण त्याच्याखाली हे सगळं टाका, म्हणजे भाचीला दोन्ही वाचता येईल.