वीस वर्षांची हमी

आमच्या घरात सोनं दोन प्रकारचं. एक बायकांच्या अंगावरचं, लग्नकार्यात दिसणारं. दुसरं पणजोबांचं खिशातलं घड्याळ, ते कुणालाच दिसत नसे. बँकेच्या लॉकरात, लाल मखमलीच्या डबीत ते तीसेक वर्षं पडून होतं. त्याचा नुसता विषय निघाला तरी काकू उठून खिडकी लावून घ्यायची.

ते पणजोबांना दिलं कुणी, याच्या तीन कथा. आत्याच्या मते संस्थानच्या राजेसाहेबांनी. काकूच्या मते एका इंग्रज कलेक्टरानं, कारण पणजोबांनी त्याच्या मडमेला वाघापासून वाचवलं. पणजोबा पोस्टात कारकून होते आणि टपालाच्या कचेरीत वाघ कसा आला, हे काकूला विचारायची सोय नव्हती. तिसरी कथा आमच्या वडिलांची: हप्त्यानं घेतलं असेल. ती घरात कुणाला आवडत नसे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एप्रिल 2024 मध्ये दादानं, म्हणजे चुलतभावानं, घरच्या ग्रुपवर एक बातमी टाकली. टायटॅनिकवर बुडालेल्या जॉन जेकब ॲस्टरचं 14 कॅरटचं सोन्याचं घड्याळ इंग्लंडात लिलावात गेलं. हातोडा पडला 9 लाख पौंडांवर आणि कर-दलाली धरून बिल झालं 11 लाख 75 हजारांचं. (वरचे पावणेतीन लाख म्हणजे आपल्याकडची घडणावळच म्हणायची.)

खाली दादानं फक्त विचारलं होतं, ‘आपलं कुठाय?’

त्या रात्री मला झोप नाही. वाचता वाचता न्यूयॉर्कच्या हेन्री ग्रेव्हज या बँकरापाशी पोचलो. त्यानं 1925 मध्ये पाटेक फिलिप या स्विस घड्याळ कंपनीकडे घड्याळ सांगितलं, ते हातात पडलं 1933 मध्ये. सोन्याचं, वजन अर्ध्या किलोच्या वर. ते खिशात ठेवून हा माणूस धोतर नेसला असता तर काय झालं असतं, असा एक विचार मनात येऊन गेला. 1999 मध्ये ते 1 कोटी 10 लाख डॉलरला गेलं आणि नोव्हेंबर 2014 मध्ये जिनिव्हात 2 कोटी 32 लाख स्विस फ्रँकला. आपले दीडशे कोटींच्या आसपास. त्यात वेळेखेरीज आणखी चोवीस कामं आहेत. ग्रेव्हजच्या घरावर रात्री दिसणारं आकाशसुद्धा आहे, तारे जागच्या जागी. आमच्या घड्याळात सव्वाचार वाजलेले आहेत.

तरी दीडशे कोटी भागिले नऊ वारस, हा हिशेब मी करून पाहिला. बायकोनं अंधारात विचारलं, ‘कॅल्क्युलेटर का लावलाय?’

सकाळपर्यंत ग्रुपवर घड्याळाचं वय वाढायला लागलं होतं. दादानं सव्वाशे वर्षं म्हटलं, आत्यानं दीडशे. एवढ्यात पुतण्यानं, जो वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, 1972 चा पुरावशेषांचा कायदा पाठवला: शंभर वर्षांवरची अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. दहा मिनिटं शांतता. मग आत्याचा मेसेज आला, ‘तसं नवंच आहे रे. नव्वद-ब्याण्णव असेल.’

लॉकर उघडायला चार सह्या लागल्या, त्यातली एक काकूची. ती तिनं तीन दिवस दिली नाही. शेवटी डबी पदराखाली धरून ती स्वतःच आमच्याबरोबर रिक्षात बसली आणि आम्ही शनिवार पेठेतल्या एका घड्याळजींकडे गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं, डोळ्याला भिंग लावलं आणि पातळ सुरीचं टोक कडेच्या फटीत घालून मागचं झाकण टक् करून उघडलं. काकूनं डोळे मिटून घेतले.

झाकणाच्या आत बारीक इंग्रजी अक्षरं होती. दादानं मोठ्यानं वाचली, ‘वॉरंटेड ट्वेंटी इयर्स! वीस वर्षांची गॅरंटी! बघा, काय क्वालिटी!’

‘घड्याळाची नाही हो,’ घड्याळजी म्हणाले. ‘सोन्याची.’

मग त्यांनी सांगितलं. पितळेच्या दोन्ही अंगांना सोन्याचा पातळ पत्रा बसवून अशी झाकणं करायचे. वीस वर्षं रोज खिशात घासलं तरी आतलं पितळ दिसणार नाही, ही ती हमी. साखळीच्या कडीखाली त्यांनी नख ठेवलं. तिथं ज्वारीच्या दाण्याएवढी जागा वेगळ्याच रंगाची होती, थेट देवघरातल्या समईसारखी. पणजोबांनी हमीची मुदत संपेपर्यंत घड्याळ वापरलं होतं, एवढं नक्की.

‘अस्सल असतं तर कॅरटचा आकडा असता,’ ते म्हणाले. ‘स्विस असेल तर छाप असतो. अठराला बाईचं मुंडकं, चौदाला खार.’

‘खार शोधा ना नीट,’ दादा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

खार नव्हती. यंत्र मात्र चांगलं निघालं. ‘साफ करून तेल देतो, चालेल. अठराशे होतील. विकायचं तर कुणी हौशी दोन-तीन हजार देईल.’ नऊ वारसांत एकटी काकू पुढं झाली आणि कनवटीची पुरचुंडी सोडून अठराशे मोजले.

संध्याकाळी दादानं ग्रुपवरच लिलाव पुकारला, आमच्या लिलाव भिशीच्या पद्धतीनं. एक वार, दोन वार. आत्यानं आहेर केल्यासारखे 501 बोलले. तीन वार काही कुणी म्हणेना, कारण मग घड्याळ खरंच तिला द्यावं लागलं असतं. रात्री साडेनऊला काकूनं सगळ्यांना फोन करून सांगितलं की तो कलेक्टरच चोर होता, मडमेचा जीव वाचवला आणि दिलं काय तर पितळ. राजेसाहेब असं करणार नाहीत, या मुद्द्यावर आत्यानं आपली कथा तेवढ्यात मागं घेतली. हप्त्याबद्दल वडील काही बोलले नाहीत, नुसते हसत होते.

घड्याळ आता काकूच्या कपाटात असतं. रोज सकाळी पूजा झाली की ती त्याला चावी देते. दिवसाला दहा मिनिटं मागं पडतं. दसऱ्याला तिनं ते पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं आणि वर आपट्याचं पान ठेवलं. ‘सोनं घ्या,’ मला म्हणाली. मी पान उचललं. ‘पानच घे,’ ती म्हणाली.