व्हिडिओ गेम खेळणं हा आजार नाही, काका

"सावधान! जागतिक आरोग्य संघटनेने व्हिडिओ गेम हा मानसिक आजार घोषित केला आहे" अशी सुरुवात, मध्ये मेंदूचं लाल-निळं चित्र, खाली पाच मुद्दे आणि शेवटी "प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा". हा फॉरवर्ड तुम्हालाही आलाच असेल. मी दुर्लक्ष करत होतो. पण काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि ताईने त्याच संध्याकाळी भाच्याच्या लॅपटॉपवरून माइनक्राफ्ट हा ठोकळे रचून बांधकाम करायचा गेम उडवला. पोरगं त्यात राजगड बांधत होतं, पद्मावती, सुवेळा झाल्या होत्या, संजीवनी माची चालू होती. म्हणून आता लिहितोच.

पहिल्याच मुद्द्यावर सगळा डोलारा उभा आहे, तेव्हा तो नीट बघू. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी आहे, आयसीडी-११. ती मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात ६सी५१ या क्रमांकावर 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, हे खरं. पण पुढचं वाचायचे कष्ट कुणी घेतले? खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा यावर ताबाच उरत नाही. बाकी सगळ्या आवडीनिवडी आणि रोजचे व्यवहार मागे पडून खेळ पुढे येतो. नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं. आजार म्हणायचं तर हे सगळं असायला हवं, त्यापायी घर, शाळा, नोकरी यांची घडी विस्कटलेली हवी, आणि साधारणपणे १२ महिने हे चाललेलं हवं. खेळणाऱ्यांपैकी अगदी थोड्यांनाच हा त्रास होतो, असं संघटना स्वतःच सांगते. त्याच यादीत एक घर अलीकडे, ६सी५० वर, जुगाराचा विकार आहे. म्हणून गणपतीच्या जागरणाला काका रमीचा डाव मांडतात तेव्हा त्यांना कुणी डॉक्टरकडे नेतं का?

मला खरा राग येतो तो यापुढे. सगळ्याच मुलांना आजारी ठरवलं की जे मूल खरोखर अडकलंय ते गर्दीत दिसेनासं होतं. रात्र-रात्र जागणारं, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखणारं मूल बऱ्याचदा कशापासून तरी पळून खेळात शिरलेलं असतं. त्याचा फोन हिसकावला की पळायची जागा गेली, पळण्याचं कारण मात्र तिथेच राहिलं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून अशा तक्रारींसाठी वेगळं क्लिनिक आहे, 'शट' नावाचं. ज्याला गरज आहे त्याला अशा ठिकाणी न्यायचं. फॉरवर्डमधला सल्ला काय, तर "आजच सगळे गेम डिलीट करा".

आता फॉरवर्डमधल्या डोपामिनचं बघू, म्हणजे मजा वाटते तेव्हा मेंदूत वाढणाऱ्या रसायनाचं. खेळताना ते वाढतं, मान्य. लंडनच्या संशोधकांनी रणगाड्याचा गेम खेळणाऱ्या ८ जणांच्या मेंदूत ते मोजून १९९८ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापलं होतं. चांगलं जेवताना, गाणं ऐकतानाही ते वाढतं. त्यावरून "कोकेनसारखा मेंदू सडतो" इथवर उडी कुणी मारली, देव जाणे.

"मुलं हिंसक होतात" म्हणे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४-१५ वर्षांची सुमारे हजार ब्रिटिश मुलं आणि त्यांचे पालक यांना विचारून पाहिलं, हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध काही सापडला नाही.

"चीनने बंदी घातली, आपल्या सरकारने मुलांसाठी पबजी बंद केलं." चीनने २०२१ मध्ये १८ वर्षांखालच्यांना ऑनलाइन गेमसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ असा तास ठेवला. कडक आहे, बंदी नाही. पबजी सप्टेंबर २०२० मध्ये आणखी ११७ ॲप्सबरोबर बंद झालं, ते देशाची सुरक्षा आणि लोकांचा डेटा ही कारणं देऊन. मुलांचा त्यात संबंध नव्हता.

पाचवा मुद्दा संस्कृतीचा: "हे परदेशी खूळ, यातून शिकण्यासारखं काही नाही." पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू, जुन्या किल्ले-महालांची रचना. बाहेरच्या देशांतली पोरं तो खेळली. आणि शिकण्याचं म्हणाल तर 'फोल्डइट' बघा. हा प्रथिनांच्या घड्या घालायचा गेम, वॉशिंग्टन विद्यापीठातला. माकडांमधल्या एड्ससारख्या रोगाच्या विषाणूतलं एक प्रथिन शास्त्रज्ञांना दहाएक वर्षं उलगडत नव्हतं. २०११ मध्ये खेळाडूंनी काही आठवड्यांत त्याचा आकार काढून दिला. अर्थात प्रत्येक गेम असा नसतो, बरेचसे टाइमपासच असतात. असू देत की.

एक गोष्ट मात्र कुरकुरत का होईना मान्य करतो. फुकट म्हणून मिळणारे काही गेम मुलांना अडकवून पैसे काढण्यासाठीच बेतलेले असतात: रोज हजेरी लावली तर बक्षीस, आत काय आहे ते न सांगता विकलेली पेटी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर तर केंद्राने २०२५ मध्ये कायदाच करून बंदी आणली, त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, मान्यताही दिली. काकांना काळजीच करायची असेल तर ताईच्या फोनमधलं कार्ड अशा एखाद्या गेमच्या ॲपला जोडलेलं आहे का, ते बघावं. फॉरवर्डमध्ये यावर एक ओळही नाही.