पीच बॉइजबद्दल वाट्टेल ते फॉरवर्ड करू नका

आमच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली भाच्याला उद्देशून लिहिलं, 'वाच, डीजेगिरीनं काय होतं ते.' पोरगं आत्ता कुठे मिक्सिंग शिकतंय. फॉरवर्ड म्हणतो: १९७९ साली डिस्को एका रात्रीत मेला. तरी न्यूयॉर्कच्या दारूच्या अड्ड्यावर बटणं दाबणाऱ्या लॅरी लेव्हननं पीच बॉइज हा ग्रुप काढला. नावावरून बीच बॉइज या प्रसिद्ध अमेरिकन बँडनं तो बंद पाडला, गायक गायब झाला, लेव्हन नशेपायी मेला.

ती रात्र १२ जुलै १९७९ ची. शिकागोच्या कोमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटकांनी उडवल्या, लोक मैदानात घुसले, दुसरा सामना झालाच नाही. रेडिओवाल्यांनी पाठ फिरवली, नाचणाऱ्यांनी नाही. लेव्हन जिथे डीजे होता, तो न्यूयॉर्कचा पॅराडाइज गराज हा नाइटक्लब १९८७ पर्यंत चालला. आणि दारूचा अड्डा कसला? तिथे दारू विकतच नसत!

'बटणं दाबणारा' वाचून मात्र माझं डोकं फिरलं. पीच बॉइजची १९८२ ची 'डोन्ट मेक मी वेट' ही वेस्ट एंड कंपनीची बारा इंची रेकॉर्ड हेडफोन लावून ऐका. टाळ्यांचा प्रतिध्वनी घुमत राहतो, खाली सिंथेसायझरचा जाड बास, आणि एका जागी वाद्यं गळून नुसते आवाज उरतात. कीबोर्ड मायकेल डी बेनेडिक्टसचे, मिक्स लेव्हनचं. ते त्यानं महिनोन्महिने सोडलं नाही. रात्री गराजमध्ये वाजवायचं, लोक कुठे उसळतात, कुठे थंडावतात ते बघायचं, परत स्टुडिओत जाऊन बदलायचं. समोर नाचणाऱ्यांत बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण. फॉरवर्डनं हे सोयीस्कर गाळलंय. डान्स संगीताचे अभ्यासक टिम लॉरेन्स यांनी न्यूयॉर्कच्या १९८० ते ८३ च्या डान्स फ्लोअरवर जाडजूड पुस्तक लिहिलंय. दाजी, आधी ते चाळा, मग पोराला शहाणपण शिकवा.

नावाचं अर्धं खरं. बीच बॉइजशी साधर्म्य नको म्हणून पुढे 'न्यूयॉर्क सिटी' जोडलं गेलं. पण त्यानं ग्रुप बंद पडला नाही. १९८३ चा अल्बम त्याच लांबलचक नावानं आयलंड कंपनीनं काढला. त्यानंतर फार काळ टिकला नाही, हे कबूल.

नशेचंही नाकारत नाही. लेव्हन त्यात खचला आणि १९९२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ३८ व्या वर्षी, हृदय निकामी होऊन गेला. पण तोवर अल्बमला नऊ वर्षं उलटली होती. ग्रुप संपल्याचं खापर त्यावर कसं फोडता?

राहिला 'गायब' गायक. त्याचं नाव बर्नार्ड फाउलर. १९८९ पासून तो रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या दौऱ्यांत गातोय. एप्रिल २००३ मध्ये स्टोन्स मुंबईत ब्रेबर्न स्टेडियमवर आले, तेव्हा हा गायब माणूस त्यांच्याबरोबर स्टेजवर उभा राहून गात होता.