काच ओघळत नाही, तो मेसेज मात्र ओघळत राहतो

व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरून येणारा एक मेसेज आहे. युरोपातल्या कुठल्या तरी जुन्या चर्चच्या रंगीत खिडकीचा फोटो आणि खाली मजकूर: ‘काच हा घन पदार्थ नाही, अतिशय संथ वाहणारा द्रव आहे. म्हणून शेकडो वर्षांपूर्वीच्या काचा खाली जाड झाल्या आहेत. त्यांच्यातल्या लाटा हा त्याचाच पुरावा. अशी काच बनवण्याची कला आता लुप्त झाली आहे.’

पुढे पाठवणाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. एनसीईआरटीच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात जुन्या इमारतींच्या काचा खाली ओघळून जाड होतात असं कित्येक वर्षं छापलेलं होतं. पोरांनी ते परीक्षेसाठी पाठ केलं, त्यात त्यांचा काय दोष!

आता काच द्रव आहे का? एवढं खरं की मीठ-साखरेसारखी अणूंची शिस्तशीर मांडणी काचेत नसते, द्रवासारखाच विस्कळीतपणा असतो. पण विस्कळीत असणं वेगळं आणि वाहणं वेगळं. वितळलेली काच निवत जाते तशी घट्ट होत जाते आणि साधारण ५००-६०० अंश सेल्सिअसच्या खाली आली की ती रचना जागच्या जागी गोठते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या मध्ययुगीन काचेचं मिश्रण घेऊन संशोधकांनी तिचा घट्टपणा मोजला, तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की साध्या तापमानाला ती काच १ अब्ज वर्षांत फार तर १ नॅनोमीटर सरकेल. पृथ्वीचं वयच साडेचार अब्ज वर्षं. शिवाय चर्चच्या काचा आठशे वर्षांत ओघळल्या असत्या, तर त्याहून हजारएक वर्षं जुने रोमन पेले संग्रहालयात उभे कसे राहिले असते?

मग खालची जाडी आली कुठून? भट्टीतून. जुन्या काळी सपाट काच बनवायच्या मुख्य रीती दोन. पहिलीत फुंकनळीच्या टोकाला काचेचा फुगा फुगवायचा, तो दुसऱ्या सळईवर घ्यायचा, फुंकनळी तोडल्यावर उरलेलं भोक भट्टीच्या तोंडाशी तापवून मोठं करायचं आणि सळई गरागरा फिरवायची. एका क्षणी तो फुगा फटकन उघडून सपाट चकती होते, चांगली सव्वा-दीड मीटर व्यासाची. सळई जिथे चिकटलेली असते तिथे जाड गाठ राहते, तिथून बाहेरच्या बाजूला काच पातळ होत जाते. अशा चकतीतून चौकोनी तुकडे कापले की एक कड जाड येणारच. काच बसवणारा कारागीर बहुतेकदा जाड कड खाली ठेवायचा, तुकडा नीट बसतो म्हणून. पण नेहमी नाही. जाड कड वर किंवा बाजूला असलेली तावदानंही सापडली आहेत, आणि काच वर किंवा आडवी वाहते असं काही मेसेजवाले म्हणत नाहीत.

दुसऱ्या रीतीत खड्ड्यावर उभं राहून नळी झोके देत फुंकायची, म्हणजे फुगा लांबून नळकांडं होतं. दोन्ही टोकं उडवायची, उभी चीर द्यायची आणि पुन्हा तापवून लाकडी ठोकळ्याने सपाट करायचं. लंडनमध्ये १८५१ च्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या इमारतीची जवळपास ३ लाख तावदानं याच रीतीने इंग्लंडमधल्या स्मेदिकच्या चान्स ब्रदर्स या काच कारखान्याने पुरवली.

लाटांचं उत्तरही इथेच आहे. नळकांडं उलगडताना पृष्ठभाग थोडा लहरतो, तो तसाच राहतो. आतले बुडबुडे बघा: नळकांड्याच्या काचेत ते एकाच दिशेने लांबट ओढलेले, सरळ रांगेत, फिरवलेल्या चकतीत मात्र कमानीसारखे वळलेले. बुडबुड्यांना अशी वर्तुळाकार वळणं गुरुत्वाकर्षण कसं देणार?

गंमत म्हणजे त्या खिडक्यांमध्ये खरोखर हळूहळू सरकणारी एक गोष्ट आहेच. काचांचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं, त्यामुळे साध्या तापमानालाही स्वतःच्या वजनाने ते वर्षानुवर्षं लोंबत जातं. जुनं पॅनल पोट सुटल्यासारखं पुढे आलेलं दिसतं ते बहुधा त्यामुळे. आळ मात्र काचेवर.

राहिली लुप्त कला. आपल्या घरांतली गुळगुळीत काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनते. ॲलेस्टर पिल्किंग्टन या ब्रिटिश अभियंत्याने ही पद्धत १९५९ साली जाहीर केली, आणि तिने बाकीच्या पद्धती मागे टाकल्या, संपवल्या नाहीत. जर्मनीत वाल्डझासेनच्या लॅम्बर्ट्सच्या भट्टीत आजही नळीने फुंकून, नळकांडं चिरून रंगीत काच बनते. हाताने काच बनवण्याच्या या कौशल्याला युनेस्कोने २०२३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं; प्रस्ताव जर्मनी, फ्रान्स, फिनलंड, चेकिया, हंगेरी आणि स्पेन या सहा देशांचा होता. शिवाय एमिल फुर्को या बेल्जियन माणसाची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची पद्धत आहे: वितळलेल्या काचेतून पट्टा सरळ वर खेचत न्यायचा. त्यात बारीक उभ्या रेघा उमटतात. एकेकाळी तो दोष मानला जायचा. पुढे शॉट या जर्मन काच कंपनीने याच पद्धतीने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मुद्दाम लहरती काच विकली.

त्यामुळे जुन्या खिडकीतलं एखादं तावदान फुटलं तर ‘आता तशी मिळत नाही’ म्हणून कोरी सपाट काच ठोकू नये. शेजारच्या काचेतले बुडबुडे सरळ आहेत की वळलेले, एवढं आधी बघावं. खेचलेल्या काचेच्या रेघा फिरवलेल्या काचेच्या कमानींशेजारी लगेच डोळ्यांत खुपतात.